नुसता आकार

सिव्हिलवाल्यांना एक रोग असतो. कुठेही गेले की आधी वर बघतात. लग्नाच्या हॉलमध्ये बाकीची मंडळी नवरीचा शालू बघतात, आम्ही बीमची डेप्थ बघतो. मेसमध्ये मावशी पोळी वाढेपर्यंत डोक्यावरच्या स्लॅबमधली भेग खरी की नुसती प्लॅस्टरची, यावर चर्चा! मला हा रोग सेकंड इयरला लागला आणि थर्ड इयरला इतका बळावला की त्यापायी मी माझ्या रूममेटशी चार दिवसांचा अबोला ओढवून घेतला. हा लेख त्या अबोल्यापासून सुरू होतो. पुढे भाजे, कार्ले, गोराई आणि जपान असं बरंच फिरायचंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

रूममेट ई अँड टीसीची, नागपूरची. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो आहे. एका रात्री मी लायब्ररीतून आणलेलं वास्तुकलेच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचत होते आणि नेहमीप्रमाणे नवीन कळलेलं ज्ञान लगेच कुणाला तरी ऐकवायची घाई. स्तूप म्हणजे मुळात काय, तर अस्थी किंवा अवशेष पोटात ठेवून त्यावर रचलेला ढीग. सांचीचा मोठा स्तूप पूर्ण भरीव आहे. आत खोली नाही, दार नाही. माणसाने जायचं ते बाहेरून, प्रदक्षिणा घालत. हे सगळं सांगून झाल्यावर मी फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "तुमचा नागपूरचा मात्र आतून पोकळ आहे. म्हणजे तो स्तूप नाहीच गं. सांचीचा नुसता आकार उचललाय."

ती काही बोलली नाही. पुस्तक मिटलं, दिवा बंद केला, झोपली. सकाळी मेसला माझी वाट न बघता एकटीच गेली. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. (आम्ही इंजिनिअरिंगवाले प्रत्येक गोष्टीचं खापर परीक्षेवर फोडतो.)

त्या रविवारी आमच्या विंगमधल्या चौघींचं भाजे-कार्ल्याला जायचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून ती आली. पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली, मळवलीला उतरलो. रेल्वेच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला हायवे ओलांडून कार्ले. सकाळी भाजे आणि दुपारून कार्ले करायचं, हे ज्या कुणी सुचवलं तिचे मी आजही आभार मानते. कारण भाजे आधी न बघता मी कार्ल्याला गेले असते, तर फक्त "वा! केवढं मोठं!" एवढंच म्हणून परत आले असते.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. चैत्यगृह म्हणजे स्तूपाला छपराखाली आणणं. लांबट दालन, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, शेवटी दालन गोल वळतं आणि त्या गोलाच्या मध्ये स्तूप. खांबांच्या मागून अरुंद बोळ जातो, त्यातून प्रदक्षिणा. वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं, म्हणून गजपृष्ठाकार म्हणतात. मी तिथे उभी राहिले आणि मला एकदम आमच्या कॉन्व्हेंटचा चॅपल आठवला. तोच प्लॅन! मध्ये रुंद भाग, दोन्हीकडे खांब, खांबांमागे चिंचोळ्या वाटा, शेवटी अर्धगोल. तिथे ऑल्टर, इथे स्तूप. शाळेत दर शुक्रवारी त्या बाकांवर बसून मी वरची लाकडं मोजत असे. हे साम्य बघणारी मी काही पहिली नाही. जेम्स फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश माणसाने एकोणिसाव्या शतकातच ते लिहून ठेवलंय. पण भाज्याला छिन्नी चालली तेव्हा ख्रिस्ताचा जन्मही झाला नव्हता. चर्चचा प्लॅन आला रोमन लोकांच्या सभागृहांवरून. दोघांनी एकमेकांची कॉपी केलेली नाही. पुष्कळ माणसं एका दिशेला तोंड करून आत घ्यायची आणि बाजूने फिरायला वाट ठेवायची, असा प्रश्न असला की उत्तरही साधारण तेच येत असावं.

भाज्याला समोरची भिंतच नाही. ती लाकडाची होती, गेली. लाकूड बसवण्यासाठी दगडात केलेल्या खाचा तेवढ्या उरल्यात. त्यामुळे आख्खं दालन बाहेरूनच दिसतं, ड्रॉइंगमधल्या सेक्शनसारखं. आणि त्या सेक्शनमध्ये एक गोष्ट सिव्हिलवाल्याच्या डोळ्यात खुपतेच. खांब सरळ नाहीत! सत्तावीस अष्टकोनी खांब, आणि दोन्ही रांगा आतल्या बाजूला कललेल्या. आधी वाटलं, जमीन खचली असेल. पण कातळातून कोरलेल्या खांबाखालची जमीन खचणार कशी? खांब आणि जमीन एकच दगड. म्हणजे मुद्दाम तिरके कोरलेत.

का, ते बघा. लाकडाचा किंवा बांबूचा मांडव डोळ्यांसमोर आणा. लाकूड वाकवून अर्धगोल फासळ्या करायच्या, त्या दोन्हीकडच्या खांबांच्या माथ्यावर टेकवायच्या. वाकवलेल्या फासळीला पुन्हा सरळ व्हायचं असतं, वरून छपराचं वजनही असतं. दोन्ही मिळून खांबांची डोकी बाहेर ढकलतात. आमच्या भाषेत आउटवर्ड थ्रस्ट. खांब सरळ उभे असतील तर ते बाहेर पडतील. म्हणून सुतार काय करतो? खांब आधीच थोडे आत कलते पुरतो. रेटा बाहेर, कल आत, हिशेब बरोबर.

पण भाज्याच्या छपराला असा रेटा मुळी नाहीच. तो डोंगर आहे. त्याला फासळ्यांनी धरलेलं नाही, त्याला डोंगराने धरलंय. आत एवढी पोकळी केली तर वरचा भार पोकळीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. छत कमानीसारखं गोल असल्यामुळे त्यातला दगड बहुतेक दाबातच राहतो आणि दाब सोसण्यात आपला काळा बेसॉल्ट फार तगडा. हॉस्टेलच्या कॉलमात जे एम-ट्वेंटी काँक्रीट असतं त्याच्या कितीतरी पट. म्हणजे खांब तिरके करायची गरज नव्हती, खांबांचीच गरज फारशी नव्हती. घारापुरीला कित्येक खांब फुटले होते, नंतर दुरुस्त केले. मधल्या काळात वरचं छत होतं तिथेच होतं.

मग पाथरवटाने खांब तिरके का कोरले? कारण त्याने आयुष्यभर पाहिलेली चैत्यगृहं तशी होती. ती लाकडाची, वरून बहुधा गवताने शाकारलेली. त्यांतलं एकही आज शिल्लक नाही. ऊन, पाऊस, वाळवी, आग. ती कशी दिसत होती हे आपल्याला कळतं ते या दगडातल्या नकलेवरूनच. बिहारमध्ये बराबर टेकड्यांत लोमस ऋषी नावाची गुंफा आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. तिचं दार म्हणजे लाकडी झोपडीचा दर्शनी भाग जसाच्या तसा दगडात. लाकूड संपलं, आकार राहिला.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने मैत्रिणींना समजावत होते. रूममेट मागे उभी राहून ऐकत होती. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"म्हणजे यांनीही नुसता आकारच उचललाय."

प्रश्न नव्हता तो. मला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून मी पाण्याची बाटली काढली.

दुपारी कार्ले. पायऱ्या चढून वर गेलं की आधी एकवीरा आईचं देऊळ. हार, नारळ, पेढे, गुलाल, दूरदूरहून आलेली कोळी मंडळी, ढोल. आणि त्या गर्दीला अगदी लागून चैत्यगृहाचं तोंड. बाहेर डावीकडे चार सिंहांचा उंच खांब. बरेच लोक देवीचं दर्शन घेऊन लेण्यात एक फोटो काढतात आणि उतरतात. आम्ही दीड तास आत होतो.

आकडे सांगते, कारण आकड्यांशिवाय आमच्या ब्रँचला झोप येत नाही. लांबी साधारण ३८ मीटर, रुंदी १४, उंचीही १४ च्या आसपास. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं मानतात. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. खांब ३७. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर स्त्री-पुरुष. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे अष्टकोनी, ना तळखडा ना नक्षी. मागचं कुणाला दिसत नाही म्हणून कंटाळा केला की पैसे संपले? की स्तूपाच्या मागे नक्षी नकोच होती? आमच्या सबमिशनची शेवटची पानं आठवून मला पहिलं कारण जवळचं वाटलं.

आणि मुख्य म्हणजे कार्ल्याचे खांब सरळ आहेत. भाज्याहून दोनेकशे वर्षं पुढे आलेल्या पाथरवटाला कळलं होतं की दगडाला कललेले पाय लागत नाहीत. तेवढी नक्कल त्याने सोडून दिली.

पण वर बघा! वर छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. कोरलेल्या नव्हे. खऱ्या, सागवानी लाकडाच्या. दोन हजार वर्षांपूर्वी कापून, वाकवून, आणून, एवढ्या उंचीवर बसवलेल्या, आणि बऱ्याचशा मूळच्याच मानल्या जाणाऱ्या. स्तूपावरचं छत्रही लाकडाचं. ज्या माणसांना कातळातून आख्खं सभागृह काढता येत होतं, त्यांना फासळ्या दगडात कोरणं जड होतं का? मुळीच नाही. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १९ आणि २६ नंबरच्या लेण्यांत त्या दगडातच कोरल्या आहेत. कार्ल्याच्या लोकांनी मुद्दाम लाकूड आणलं. जे लाकूड छताचा एक किलोही उचलत नाही!

फ्री बॉडी डायग्राम काढा, फासळी सुटी करा. तिच्यावर छताचा भार शून्य. फक्त स्वतःचं वजन. उलट तीच डोंगराला लटकलीय. मागे एकदा माझ्या ड्रॉइंगमध्ये मी व्हरांड्याला हौसेने एक कमान काढली होती, तर सरांनी लाल पेनने तिच्याभोवती गोल करून "नॉन-स्ट्रक्चरल, काढून टाका" असं लिहिलं होतं. त्या शेऱ्याचा मला फार धाक बसला होता. कार्ल्याला उभं राहून मी मनातल्या मनात तोच लाल गोल सगळ्या फासळ्यांभोवती काढून बघितला. म्हटलं, टाका काढून.

काढल्या. तर उरला बोगदा. खंडाळ्याच्या घाटात रेल्वे जाते तसला. तीच उंची, तीच कमान, पण डोळ्याला धरायला काही नाही. फासळ्या आहेत म्हणून नजर एकेक पायरी ओलांडत शेवटच्या अर्धगोलापर्यंत जाते आणि तिथे सगळ्या फासळ्या एकत्र येऊन बरोबर स्तूपाच्या डोक्यावर मिळतात. फासळ्या आहेत म्हणून ३८ मीटर हे ३८ मीटर वाटतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, फासळ्या आहेत म्हणून हे भोक नसून घर वाटतं. दारातल्या शिलालेखात वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीने या जागेला शैलगृह म्हटलंय, आणि तेही साऱ्या जंबुद्वीपात उत्तम. दगडाचं घर! घराला आढी-वासे नकोत?

आता हे घर खोदलं कसं, तो भाग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण इमारत बांधतो ती खालून वर. आधी पाया, मग कॉलम, मग स्लॅब. लेणं उलटं. आधी डोंगराचा दर्शनी भाग तासून उभा करायचा. मग कमानीच्या उंचीवरून आत शिरायचं. छत आधी, तेही पूर्ण करूनच खाली सरकायचं. आपण उभे आहोत तो कातळच परात, एकेक थर फोडत उतरायचं. अजिंठ्याला २९ नंबरचं चैत्यगृह अर्धवट सोडलंय, तिथे हा क्रम उघडा पडलाय. वरचा भाग कोरायला घेतलेला, खाली नुसता कातळ. म्हणजे खांबाचं डोकं आधी तयार होतं आणि पाय सगळ्यांत शेवटी. शटरिंग नाही, क्रेन नाही, परातीची खर्चिक व्यवस्था नाही. पण अन-डू सुद्धा नाही. हत्तीची सोंड तुटली की तुटली. दुसरा दगड आणून जोडला तर तो जोडच दिसणार.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. गोल छत, बुटके बोळ, मधले खांब हे सगळं वजा करून ढोबळ पाच हजार घनमीटर दगड धरू. बेसॉल्टचं एक घनमीटर म्हणजे पावणेतीन टनांहून जास्त. झाले चौदा हजार टन. दहा टनी ट्रकच्या चौदाशे खेपा. सगळं छिन्नी-हातोड्याने फोडून, माणसांनी उचलून दरीत टाकलेलं. आणि हा खर्च एकट्या राजाने केलेला नाही. खांबाखांबावर देणगीदारांची नावं आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे लोक, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही. म्हणजे वर्गणीच. आपल्या गॅदरिंगची वर्गणी जमवताना आमचा घसा बसतो, इथे माणसं खांब देत होती.

उन्हं उतरायला लागली. कार्ल्याचं तोंड पश्चिमेकडे आहे. दाराच्या वरच्या त्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या कमानीतून उजेड सरळ आत येतो आणि खांबांच्या वाटा अंधारात राहतात. स्तूपावर मूर्ती नाही, नक्षी जवळजवळ नाही. मी डोकं वर करून फासळ्या मोजत होते. मोजून खाली बघितलं तर रूममेट स्तूपासमोर हात जोडून उभी. मग ती खांबांच्या मागून प्रदक्षिणेला गेली. मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या सर्क्युलेशन स्पेसबद्दल बोलत होते, ती त्यातून चालत होती.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसून तिने सांगितलं. तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्या मैदानावर होती. तेव्हा वय सोळा. बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला तो दिवस. तेव्हा तिथे ना स्तूप, ना भिंत, मोकळं मैदान. स्तूप उभा राहून खुला झाला २००१ च्या डिसेंबरात. आजी मधली सगळी वर्षं दर दसऱ्याला त्या मोकळ्या मैदानावर जात होती. "आजीले कोणी आत येऊ देत नव्हते बाप्पा, कोणत्याच देवळात," रूममेट म्हणाली. ती चिडली की तिची मराठी पक्की नागपुरी होते. "आणि तू म्हणते आतून पोकळ आहे म्हणून तो स्तूप नाही."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी सॉरी म्हटलं. मग लोकल येईपर्यंत आणि लोकलमध्ये, मला जे येतं ते मी केलं. वही काढली आणि तिला पोकळ घुमट म्हणजे काय ते काढून दाखवलं.

भरीव स्तूप उभा करायला फार इंजिनिअरिंग लागत नाही, हे मी त्या रात्री सांगायला विसरले होते. माती-दगड-विटांचा ढीग, वजन सरळ खाली. कडा सुटू नयेत आणि पाणी मुरू नये एवढं बघायचं. सांचीचा स्तूप तळाशी सुमारे १२० फूट व्यासाचा. दीक्षाभूमीचा व्यासही तेवढाच, सुमारे १२० फूट. पण तोच आकार आतून रिकामा करायचा म्हटलं की खरा प्रश्न सुरू होतो. घुमट म्हणजे आडव्या कड्यांची उतरंड समजा. वरची कडी आपल्याच वजनाने आवळली जातात, दगडाला तेच हवं असतं. खालची कडी मात्र फाकायला बघतात. अर्धगोल पातळ घुमट असेल तर माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली उतरलं की हा बदल होतो. वर दाब, खाली ताण. आणि ताणात दगड म्हणजे अगदीच लेचापेचा. विजापूरच्या गोल घुमटाला, १६५६ सालच्या, म्हणून एवढ्या जाड भिंती. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर.

आणि गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा ८५ मीटर! मुंबईला मामाकडे गेले असताना मी तो बघितला होता. म्यानमारच्या श्वेडगॉन पॅगोडाचा आकार, सोनेरी, उंची ९६ मीटर, २००९ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालं. आत एकही खांब नाही. एकमेकांत अडकणारे, खाचा केलेले दगड, एकेक सहा-सातशे किलोचा. शेजारच्याला धरल्याशिवाय एकही दगड हलू शकत नाही. कार्ल्याच्या बरोबर उलट. इथे दिसणारा प्रत्येक दगड काम करतोय. काचेआडून ते दालन बघताना मी जिना उतरायलाच तयार नव्हते, मामा खाली वैतागले होते. पण तेव्हाही मी विचारलं नव्हतं की श्वेडगॉन भरीव असताना हा पोकळ का. उत्तर साधं आहे, आत आठ हजार माणसं एकत्र ध्यानाला बसावीत म्हणून. नागपूरलाही तेच. ज्या माणसांना हजारो वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्या स्तूपाला आतलं दालन असायलाच हवं होतं. ही मूळ आकाराशी केलेली लबाडी नव्हे. सुताराची वाकवलेली फासळी पाथरवटाने डोंगरात नेली, तसंच हे.

तळेगाव गेलं तेव्हा रूममेटने विचारलं, "असा काहीच न उचलणारा पार्ट खरंच उपयोगाचा असल्याचं एखादं उदाहरण आहे का, की कार्ल्यापुरतंच?" ई अँड टीसीवाले असे नेमके प्रश्न विचारतात. मला एकच उदाहरण आठवलं, पण जबरदस्त. जपानमध्ये नाराजवळ होर्यू-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथला पाच मजली लाकडी पॅगोडा सुमारे ३२ मीटर उंच, जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या मधोमध तळापासून शेंड्यापर्यंत एक खांब जातो. लाकडातल्या वर्तुळांवरून कळलंय की ते झाड ५९४ साली तोडलेलं. आणि तो खांब मजल्यांचं वजन घेत नाही! मजले बाजूच्या खांबांवर, एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे. मधला खांब फक्त माथ्यावरचा धातूचा कळस धरतो. म्हणजे आमच्या सरांच्या लाल पेनाचं गिऱ्हाईकच. पण भूकंपांच्या त्या देशात पॅगोडा तेराशे वर्षं उभा आहे. डोलणाऱ्या मजल्यांना आवर घालण्यात या सुट्या खांबाचा नेमका वाटा किती, यावर अभ्यास अजून चालू असतात. तोवर टोकियोच्या इंजिनिअरांनी ही कल्पना उचललीसुद्धा. २०१२ साली खुल्या झालेल्या ६३४ मीटर उंच स्कायट्री टॉवरच्या पोटात काँक्रीटचा एक पोकळ खांब आहे. त्याचा वरचा भाग बाहेरच्या पोलादी सांगाड्याला फक्त डँपर्सनी जोडलाय. सांगाडा एका लयीत हलतो, खांब दुसऱ्या, आणि हेलकावे कमी होतात. जपानी लोक त्यालाही त्या जुन्या खांबाचंच नाव देतात.

आणि गंमत म्हणजे हा मधला खांब मुळात कुठून आला? स्तूपावर जे छत्र असतं त्याच्या दांड्यापासून, असं मानतात. इथून तो बौद्ध धर्माबरोबर चीन, कोरिया करत जपानला पोचला. वाटेत घुमट बारीक झाला, छत्रं वाढून मजले झाले. दांडा राहिला. कार्ल्याच्या स्तूपावरचं लाकडी छत्र आम्ही त्याच दुपारी पाहून आलो होतो.

हॉस्टेलला पोचायला आठ वाजले, मेसमध्ये फक्त खिचडी उरली होती. रात्री रूममेटने घरी फोन लावला आणि आजीला सगळं सांगत बसली. कार्ल्याचा स्तूप, खांब, हत्ती, लाकडाच्या फासळ्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, माझी मैत्रीण सिव्हिलला आहे. ती म्हणते आपला स्तूप आतून पोकळ आहे, आणि तसा उभा करणं लई कठीण असतं."

फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाली, "पोकळ आहे ते मले माहीत आहे ना पोरी. मी आतच तर बसतो. दसऱ्याले घेऊन ये तिले."